गाडी घेणारच आहे तो

मागच्या महिन्यात भाच्याला बघायला मंडळी आली होती. दादाच्याच घरी, कोथरूडला. हल्ली मुलं-मुली आधीच भेटून बोलून ठेवतात, त्यामुळे घरचा कार्यक्रम म्हणजे नुसता रिवाज उरलाय, तरी वहिनीने नवीन पडदे लावले होते, पोह्यांवर ओलं खोबरं अगदी सढळ हाताने घातलं होतं आणि सगळं छान चाललं होतं. मुलगी हुशार, बोलायला मोकळी. भाच्याची नोकरी, पगार, फ्लॅट, सगळं त्यांना आधीच माहीत होतं. मग मुलीच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सहज विचारलं, "गाडी कुठली आहे?" भाचा म्हणाला, "गाडी नाही, ऑफिसला मी सायकलने जातो." त्याच्या बोलण्यात मिरवणं नव्हतं, लाजणंही नव्हतं. आणि खोलीत एक क्षण, खरंच एकच क्षण, काहीतरी अडकलं. मुलीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. कोणीच काही बोलेना. तेवढ्यात दादा पुढे सरसावून म्हणाला, "अहो, आवड आहे त्याला, फिटनेसचं वेड. गाडी घेणारच आहे तो, दिवाळीत." सगळे हसले, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि पोह्यांची दुसरी डिश फिरली.

पुढचं सगळं नीट ठरलं. मुलीला स्वतःला त्या सायकलचं काहीच वाटलं नव्हतं हेही नंतर कळलं. तरी दादाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण भाचा गाडी घेणार नाहीये, निदान या दिवाळीत तरी नाही, आणि दादाला ते पक्कं माहीत आहे. आणि हा तोच दादा, जो बाबांच्या सायकलच्या दांड्यावर बसवलेल्या छोट्या सीटवरून शाळेत गेला, जो नंतर मला कॅरिअरवर घेऊन पर्वतीपर्यंत दामटत न्यायचा. घरात पाहुणे आल्यावर पसारा पडलेल्या कॉटवर घाईघाईने चादर ओढावी तसं त्याला ते झाकावंसं का वाटलं असेल, हा विचार मी तेव्हापासून करतेय.

बाबांची सायकल काळी होती, पूर्ण चेनकव्हरची, बावीस इंची. पुण्यातल्या सायकलींबद्दल इतकं लिहून झालंय की ते परत नको, पण मला त्या सायकलचे आवाज अजून आठवतात. संध्याकाळी अंधार पडला की बाबा डायनामो टायरला टेकवायचे, मग घुर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा, पायडल एकदम जड व्हायचं, आणि जितकं जोरात मारू तितका पुढचा उजेड वाढत जायचा, चढ आला की परत मंद. दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसलं तरी अडवायचा, म्हणून चौक जवळ आला की दादा टुणकन उतरायचा, चालत चौक ओलांडायचा आणि पलीकडे परत बसायचा. बाबांच्या पँटला खाली क्लिपा लावलेल्या असायच्या, आणि ऑफिसात पोचल्यावर सगळ्यात आधी त्या काढून खिशात टाकायच्या ही त्यांची सवय होती. मला तेव्हा वाटायचं पँट चुरगळू नये म्हणून. खूप नंतर कळलं की क्लिपांसकट वरच्या साहेबांसमोर जायला त्यांना आवडायचं नाही.

एक गोष्ट बाबा आम्हाला कधी सांगत नसत, आईकडून कळली. त्यांचा एक वर्गमित्र मुंबई रस्त्यावरच्या एका मोठ्या कंपनीत ऑफिसर झाला होता. बाबा त्याला भेटायला सायकलवरून गेले, घामाघूम होऊन, आणि गेटवरच्या माणसाने त्यांना नाव न विचारताच बाहेरच्या बाकावर बसवलं, कामगार भरती आहे त्या रांगेत. बाबा बराच वेळ बसले आणि न भेटताच परत आले. पुढे रिटायर व्हायच्या थोडं आधी त्यांनी सेकंडहँड फियाट घेतली. स्टिअरिंगला गियर असलेली, रेक्झिनच्या सीटला उन्हात चटका बसायचा, आत पेट्रोलचा आणि जुन्या फोमचा मिळून एक वास यायचा, आणि बाहेरून आईने झेंडूचा हार घातला होता तो सुकून पार काळा झाला तरी काढू देत नव्हती. आम्ही पहिल्यांदा चतुःशृंगीला गेलो. दुसऱ्यांदा बाबा एकटेच गेले, त्या कंपनीत. मित्र केव्हाच बदलून गेला होता, हे त्यांना माहीत होतं. गेटवरच्या माणसाने सलाम ठोकून फाटक उघडलं, बाबांनी आत जाऊन गाडी वळवली आणि परत आले. त्या रात्री जेवताना ते खूप बोलत होते.

त्या आनंदाला मी आजही नावं ठेवू शकत नाही.

म्हणून गाडीवाल्यांना सरसकट झोडपणारं काही वाचलं की मला ते अर्धंच पटतं. प्रदूषण, ट्रॅफिक, पार्किंग, सगळं खरंय, पण आपल्या इकडे, म्हणजे जवळपास सगळ्या आशियातच, गाडी ही फक्त एका जागेहून दुसरीकडे जायची सोय नव्हती कधी. एकाच आयुष्यात माणसं अनवाणी चालण्यापासून सायकलवर, सायकलवरून स्कूटरवर, स्कूटरवरून गाडीत आली. प्रत्येक वाहनाबरोबर लोकांच्या बोलण्याचा सूर बदलला, फाटकं उघडली, अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. अशा समाजात मागच्या पायरीवर कोणी आपणहून उतरलं की बघणाऱ्याला आधी शंका येते, काय झालं असेल बुवा, नोकरी गेली का, कर्ज झालं का. दादाच्या मनात तीच शंका आधीपासून असणार, आणि समोरच्यांच्या मनात ती यायच्या आत त्याला ती बुजवायची होती.

गंमत म्हणजे सायकल ही सुद्धा एके काळी वरची पायरी होती. आपल्याकडे जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओ द्यायची पद्धत होती, आणि त्या तीन वस्तूंवरून लग्नं अडल्याच्या कहाण्या घरोघरी आहेत. चीनमध्ये तर अगदी जवळपास हीच यादी. तिथे लग्नाआधी मुलाकडे सायकल, शिवणयंत्र, मनगटी घड्याळ आणि रेडिओ असावा अशी अपेक्षा असायची, तीन फिरणाऱ्या वस्तू आणि एक वाजणारी असं म्हणत. त्यातली सायकल तिआनजिनच्या कारखान्यातली, म्हणजे १९५० पासून निघालेली फ्लाइंग पिजन असली तर विचारायलाच नको. नुसते पैसे असून ती मिळत नसे, कुपन लागायचं, नंबर लागायचा. डेंग झिआओपिंग यांनी प्रत्येक घरात एक फ्लाइंग पिजन म्हणजे सुबत्ता असं म्हटल्याचं सांगतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश बीजिंगला गेले तेव्हा चीनच्या पंतप्रधानांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला भेट म्हणून काय दिलं, तर दोन फ्लाइंग पिजन सायकली. एका देशाने दुसऱ्या देशाच्या प्रमुखाला अभिमानाने द्यावी अशी वस्तू होती ती.

आणि मग २०१० साली त्याच देशात, लग्न जुळवण्याच्या एका टीव्ही कार्यक्रमात एका बेकार तरुणाने एका मुलीला विचारलं की माझ्याबरोबर सायकलवरून फिरायला येशील का. तिचं उत्तर अख्ख्या चीनमध्ये गाजलं. सायकलवर मागे बसून हसण्यापेक्षा मी बीएमडब्ल्यूत बसून रडणं पसंत करेन, अशा अर्थाचं ती बोलली होती. तिच्यावर भयंकर टीका झाली, पैशाची भुकेली वगैरे, सरकारने असल्या कार्यक्रमांवर बंधनं सुद्धा आणली. मी ते वाचलं तेव्हा मलाही संताप आला होता. आता मात्र वाटतं, त्या पोरीने जे मोठ्याने म्हटलं तेच आपल्याकडे चहाचे कप खाली ठेवता ठेवता सौम्य शब्दांत विचारलं जातं. दोन्हीकडे आईवडिलांना एकच काळजी असते, आपली मुलगी उन्हातान्हात, पावसात, लोकांच्या नजरेत, खालच्या जागी तर जाणार नाही ना. त्या काळजीला खोटं कसं म्हणायचं. मी स्वतः एका मुलीची आई आहे.

तरीही नुसत्या वीस-पंचवीस वर्षांत हे एवढं उलटं कसं झालं याचं मला नवल वाटत राहतं. १९८६ च्या सुमाराला बीजिंगमध्ये लोकांच्या रोजच्या प्रवासातला अर्ध्याहून जास्त वाटा सायकलचा होता, २०१० उजाडेपर्यंत तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. मग गाड्या इतक्या झाल्या की २०११ पासून बीजिंगमध्ये नंबरप्लेटसाठी सोडत काढावी लागली. शांघायमध्ये तर १९९४ पासून नंबरप्लेटचा लिलाव होतो. आणि सिंगापूरने १९९० पासून गाडी बाळगायचा हक्कच बोलीवर विकायला काढला, तो सुद्धा दहा वर्षांपुरता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीच्या नुसत्या त्या हक्काचा भाव १,४६,००२ सिंगापूर डॉलरवर गेला, गाडीची किंमत वेगळी. रस्ते मोकळे ठेवायला हा उपाय चांगलाच लागू पडला, त्यात वादच नाही, तिथली मेट्रो आणि बसही उत्तम आहे. पण गाडीचा मान कमी झाला का? तिथे माणसाने आयुष्यात मिळवायच्या गोष्टी म्हणून रोख पैसा, गाडी, क्रेडिट कार्ड, चांगल्या इमारतीतलं घर आणि क्लबाची मेंबरशिप अशी पाच गोष्टींची जंत्री लोकांच्या तोंडी असायची. गाडी महाग केली की गाड्या कमी होतात, पण ज्याच्याकडे ती असते तो आणखी दोन बोटं उंच होतो. महागाईने हाव मरत नाही, हे मला त्यातून कळलं.

आणि स्वस्ताईनेही मरत नाही. नॅनोचं काय झालं आठवतंय ना. पावसात एका स्कूटरवर चौघं जाताना बघून रतन टाटांना ती सुचली, २००८ मध्ये ती सगळ्यांना दाखवली, एक लाखाची गाडी म्हणून जगभर नाव झालं. मला तेव्हा मनापासून वाटलं होतं की बाबांसारखी माणसं आता साठीची वाट बघणार नाहीत. पण लोकांनी ती घेतलीच नाही म्हणावी इतकी कमी घेतली, आणि २०१८ मध्ये ती निघायची बंद झाली. सुरुवातीला काही गाड्यांना आगी लागल्या, कारखाना बंगालमधून गुजरातला हलवावा लागला, ही कारणं आहेतच. पण सगळ्यात स्वस्त गाडी ही ओळखच नडली असं टाटांनी स्वतःच नंतर सांगितलं होतं. आमच्या शेजारच्यांनी तेव्हा नॅनो बघून येऊन जुनी अल्टो घेतली. का, तर नॅनो दारात उभी राहिली की लोकांना कळतं आपल्याला किती परवडतं. पावसात भिजू नये एवढीच गरज असती तर नॅनो पुरेशी होती. गरज दुसरीच होती, बाबांची कंपनीच्या फाटकाशी जी होती ती.

माझी मुलगी सध्या टोकियोत राहते, निशी-कासाईला, तिथे आपली मंडळी बरीच आहेत. मी तिच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हाची तिथली सकाळ मला अजून दिसते. आठ वाजता बायका सायकली काढायच्या, पुढे एक मूल, मागे एक मूल, हँडलला बास्केट, बास्केटमधून लांबलचक पातीचा कांदा बाहेर आलेला, पावसाची चिन्हं असली तर मुलाच्या सीटवर प्लास्टिकची पारदर्शक खोळ, तिला चेन लावलेली, आत ते पोर हाताने वाफ पुसत बाहेर बघतंय. त्यांच्याच बाजूने टाय लावलेला माणूस, एक आजोबा, शाळेच्या गणवेशातल्या मुली, आणि एक पोलीस, तोही सायकलवर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मुलीच्या मजल्यावर राहणाऱ्या बँकेतल्या मोठ्या साहेबीणबाई सायकलने स्टेशनला जायच्या आणि तिथून ट्रेनने. मी मुलीला विचारलं, यांच्याकडे गाडी नाही? ती म्हणाली, "असेल आई, मला माहीत नाही." दोन वर्षं शेजारी राहून तिला माहीत नव्हतं! मला तर आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची गाडी, रंग आणि मॉडेल तोंडपाठ आहे.

जपानी माणूस जन्मतःच साधा असतो वगैरे मला पटत नाही. तिथेही साठच्या दशकात कलर टीव्ही, कूलर आणि कार या तीन गोष्टींसाठी सगळा देश धावत होताच, आणि त्या गाड्या बनवूनच तर ते श्रीमंत झाले. फरक मला वाटतं आपल्याला कंटाळवाण्या वाटतील अशा नियमांनी पडला. १९६२ पासून तिथे कायदा आहे की गाडी घ्यायची तर ती ठेवायला घराजवळ स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी सोडून देता येत नाही. म्हणजे आपली मालमत्ता सगळ्यांच्या रस्त्यावर पसरून ठेवायची सोयच नाही. दुसरीकडे स्टेशनपाशी सायकलला जागा. एक स्टेशन पलीकडे कासाईला जमिनीखाली सायकली ठेवायची जागा आहे, एकूण ९,४०० सायकलींची, त्यातली बरीचशी यंत्राने चालणारी. सायकल एका खाचेत लावायची, दार बंद होतं, सायकल खाली जाते, आणि परत आल्यावर कार्ड टेकवलं की काही सेकंदात तीच सायकल समोर. मी नातवाला घेऊन ते बघत उभी राहायची. एवढा खर्च, एवढी डोकेबाजी, कशासाठी, तर कोणाच्या तरी भाजी आणायच्या सायकलसाठी. सायकलला मान वगैरे काही नाही दिलेला तिथे, फक्त जागा दिली आहे. आणि जागा मिळाली की मानापमानाचा विषय निघतच नाही.

आपल्याकडे मात्र सायकलला मान मिळतो, पण अट असते. आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला दोन सायकली टांगलेल्या आहेत, परदेशी कंपनीच्या, एकेकीची किंमत लाखाच्या पुढे. रविवारी पहाटे त्यांचे मालक हेल्मेट, चष्मे, घट्ट कपडे घालून सिंहगडाकडे जातात, परत आल्यावर लिफ्टमध्ये सगळे कौतुकाने किती किलोमीटर झाले विचारतात. मलाही कौतुक आहे, चांगली मुलं आहेत ती. पण आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई सहा दिवस सायकलनेच येतात, वारज्याच्या पलीकडून, हायवेखालून, आणि त्यांची सायकल गेटच्या आत लावायला मनाई आहे. कामाला येणाऱ्यांनी वाहनं बाहेर लावावीत असा बोर्डच आहे. बाहेर म्हणजे गटाराच्या जाळीपाशी. पावसाळ्यात त्या सीटला दुधाची पिशवी बांधून ठेवतात. त्यांचं मागचं चाक कायम आऊट असतं, दर फेरीला मडगार्डला घासून चुक् असा आवाज येतो, त्यावरून त्या आल्याचं मला वरच्या मजल्यावर कळतं. त्यांना लिफ्टमध्ये कोणी किलोमीटर विचारत नाही, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोर्ड बदलायचा विषय मी काढला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मग उद्या सगळेच आत लावतील." सगळेच लावू देत की, असं मी म्हणाले. विषय पुढच्या मीटिंगवर गेला, मी तो परत काढणार आहे.

सायकल तुम्ही आवडीने चालवता हे लोकांना आधी सिद्ध करून द्यावं लागतं. गाडी परवडते पण घेत नाही, किंवा आहे पण काढत नाही, मग तुम्ही जागरूक नागरिक. आणि खरंच परवडत नसेल तर तुमची तीच सायकल, तोच रस्ता, पण तुम्ही कोणाच्या खिजगणतीत नाही. दादा नेमकं हेच सिद्ध करत होता, आवड आहे त्याला.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांमध्ये सायकल होती आणि गाडी होती ४.७ टक्के घरांमध्ये. नंतर २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीतही साधारण निम्म्या घरांत सायकल आणि आठ टक्क्यांच्या आसपास घरांत गाडी असंच चित्र होतं. आता हे आकडे डोक्यात ठेवून कुठलाही रस्ता बघा. कलकत्त्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी घातली होती, सायकलमुळे वाहतूक मंदावते म्हणून. म्हणजे दूधवाला, पेपरवाला, मासे घेऊन जाणारा, कारखान्यात जाणारा, या सगळ्यांनी वळसा घालायचा, कारण ते मधे येतात. शांघायनेही काही वर्षं आधी मोठ्या रस्त्यांवरून सायकली हटवायचं ठरवलंच होतं. ज्यांची संख्या जास्त त्यांनाच अडथळा ठरवायचं, हे फक्त तेव्हाच जमतं जेव्हा त्या लोकांचं ऐकून घ्यावं असं कोणालाच वाटत नाही.

आपल्या पुण्याने २०१७ मध्ये शेकडो किलोमीटरचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, फोनवर कुलूप उघडणाऱ्या, पोरं तुटून पडली होती, मीही औंधात चालवून बघितली, हलकी फुलासारखी. वर्ष-दोन वर्षांत त्यातल्या कितीतरी नदीकाठी, नाल्यात, झाडीत पडलेल्या दिसायला लागल्या आणि हळूहळू गायबच झाल्या. ट्रॅक आहेत, काही खरोखर चांगले आहेत, जंगली महाराज रस्ता नव्याने केला तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं. पण बाकी बऱ्याच ठिकाणी ट्रॅकवर गाड्या लावलेल्या, वडापावची गाडी, ट्रान्सफॉर्मरचा डबा, आणि मधेच ट्रॅक संपतो तो एकदम फूटभर खाली. हे करणाऱ्यांच्या मनात दुष्टपणा असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी येणारा माणूस असावा, रोज संध्याकाळी सात वाजता दोन पिशव्या लटकवून घरी जाणारी बाई नसावी.

मला हे सगळं बदलेल की नाही माहीत नाही, पण बदलतं याची उदाहरणं मला ठाऊक आहेत आणि ती मी मनात धरून ठेवलीत. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवली. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी तो आग्रह धरला होता. खेड्यातल्या हजारो बायका, खाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, सायकल शिकल्या, बाजारात बायकांच्या सायकली मिळेनात म्हणून दांड्याच्या पुरुषी सायकली चालवल्या, आणि दांड्यावर पोरं बसवायची सोय होते म्हणून त्याच आवडल्या असंही झालं. लोकांनी नावं ठेवली, तरी त्या चालवत राहिल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली आणि हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुली जवळपास ३० टक्क्यांनी वाढल्या. त्या मुलींचे गणवेशातले रांगेने जातानाचे फोटो मी बघितलेत, मागे शेतं, पुढे वेण्या उडतायत, आणि चेहऱ्यावर जे आहे ते मी ओळखते कारण दहावी झाल्यावर मला लेडीज सायकल मिळाली तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर तेच असणार. कुठे चाललीस, किती वाजता येशील, कोणाबरोबर, हे प्रश्न त्या सायकलने निम्मे करून टाकले. फर्ग्युसन रस्त्यावरून झाडांच्या सावलीत हात सोडून जाताना मला कधीच खालच्या पायरीवर असल्यासारखं वाटलं नाही.

आणि २०२४ मधलं ते चीनमधलं. झेंगझोऊच्या चार कॉलेजच्या मुली जूनमधल्या एका रात्री भाड्याच्या सायकली घेऊन पन्नास किलोमीटरवरच्या काइफेंगला निघाल्या, तिथले रस्सा भरलेले मोमोसारखे डम्पलिंग खायला. बस, एवढंच कारण. त्यांचं बघून इतर निघाले, आणि नोव्हेंबरपर्यंत एकेका रात्री इतकी पोरं निघायला लागली की अख्खा सहापदरी रस्ता सायकलींनी भरून गेला, शेवटी सरकारने रस्ता बंद केला आणि कंपन्यांनी शहराबाहेर गेल्यावर सायकली लॉक करायला सुरुवात केली. त्यांच्या आज्या-आजोबांना कुपन लावून सायकल मिळाली होती, आईवडिलांनी ती टाकून गाडीसाठी जिवाचं रान केलं. आणि या पोरांना, ज्यांना आता नोकऱ्याही धड मिळत नाहीयेत, रात्रभर गाणी म्हणत पायडल मारावंसं वाटलं. ते व्हिडिओ बघताना मला आनंद झाला आणि पोटात कालवलंही. कारण गाडी घेणं आपल्याला जमणार नाही हे कळल्यावरचा आनंद त्यात किती आणि निखळ आनंद किती, हे मला त्या चेहऱ्यांवरून सांगता येईना.

आमच्या ताईंची मुलगी नर्सिंग करतेय. तिने स्कूटीसाठी कर्जाचे कागद आणलेत, आणि ताईंनी मला भीतभीत विचारलं, "काकू, घेऊ देऊ का तिला?" मी लगेच हो म्हटलं. रात्रपाळीची पोर आहे, तिला पर्यावरणाचे धडे देणारी मी कोण. बाबांना जे साठीला मिळालं ते तिला विशीत मिळत असेल तर मला आनंदच आहे. मग मी ताईंना विचारलं, आणि तुम्ही? त्या म्हणाल्या, मला नको स्कूटी, पेट्रोल कोण घालणार, माझी सायकल बरी आहे. वॉर्ड ऑफिसला सायकल ट्रॅकबद्दल पत्र लिहायचं माझ्या मनात होतंच, म्हणून त्यांनाच विचारलं की पत्रात काय मागू. मला वाटलं होतं ट्रॅक म्हणतील. त्यांनी पोळी तव्यावर टाकली, थोडा विचार केला आणि सांगितलं, "हायवेखालचे दिवे लावायला सांगा आधी. पाच-सहा महिने झाले, बंदच आहेत. आणि तिथे रस्ता खणून खडी तशीच टाकलीय, तिच्यावरून चाक सरकतं, म्हणून तेवढं मी उतरून चालते. बाकी ट्रॅक-बिक नंतर."

पत्रात हेच दोन मुद्दे लिहिलेत, खाली बिल्डिंगमधल्या अकरा जणांच्या सह्या आहेत, रविवारी सिंहगडला जाणाऱ्या दोन्ही मुलांच्या सुद्धा. सोमवारी नेऊन देणार आहे आणि पोच घेऊनच परत येणार आहे.